शंभरास एक : ‘विक्रांत’ पुन्हा बांधताना

प्रस्तावना

‘विक्रांत’ २१३ मीटर लांब होती हे कुठल्याही माहितीपुस्तकात सापडतं. पण तिच्या मागच्या लिफ्टभोवतीची पट्टी किती रुंद होती, डाव्या कॅटवॉकवरून खाली जाणारी शिडी नेमकी कुठे होती, उतरणाऱ्या वैमानिकाला वाट दाखवणारा आरसा कशाच्या आधारावर उभा होता, असं विचारायला लागलं की ही पुस्तकं संपतात. प्रत्यक्ष जाऊन बघायची सोय उरलेली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात ती तोडायला घेतली आणि भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका भंगार होऊन बाहेर पडली. तिचं थोडं पोलाद बजाजच्या मोटरसायकलींत गेलं, थोडं नौदल गोदीजवळच्या स्मारकात लागलं.

हे पुस्तक त्या जहाजाचं शंभराव्या हिश्शाचं मॉडेल कसं बांधावं याविषयी आहे. मॉडेल बांधणं हा छंद आहे हे खरंच. पण मोठ्या आणि बारकाव्यांनी भरलेल्या मॉडेलला तेवढ्यावर भागत नाही. जे जहाज आता अस्तित्वातच नाही, त्याचं मॉडेल हा पुरावा असतो. ते बांधणाऱ्याला प्रत्येक भागाबद्दल ‘हे कशावरून?’ या प्रश्नाचं उत्तर देता आलं पाहिजे. पुढची सगळी प्रकरणं या एका आग्रहापोटी लिहिली आहेत.

नावाविषयी एक खुलासा करतो. कोचीला बांधलेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली नवी ‘विक्रांत’ २६२ मीटरची आहे आणि तिचा क्रमांकही आर ११ हाच आहे. या पुस्तकात जिथे जिथे ‘विक्रांत’ येईल तिथे जुनीच समजावी.

जुन्या ‘विक्रांत’चा तळ १४ ऑक्टोबर १९४३ रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला, विकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत पडला. नाव होतं ‘हर्क्युलिस’. २२ सप्टेंबर १९४५ ला ती पाण्यात उतरली तेव्हा महायुद्ध संपलेलं होतं, त्यामुळे काम थांबलं आणि ते अर्धवट जहाज कित्येक वर्षं तसंच बांधून ठेवलं गेलं. जानेवारी १९५७ मध्ये भारताने ते विकत घेतलं. बेलफास्टच्या हार्लंड अँड वोल्फने ते पुरं केलं, आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते तिथेच ते नौदलात दाखल झालं. ३ नोव्हेंबर १९६१ ला ‘विक्रांत’ मुंबईत आली तेव्हा स्वागताला पंडित नेहरू होते. दीड महिन्याच्या आत गोवामुक्तीची मोहीम झाली आणि त्या वेळी ती अरबी समुद्रात गस्तीवर होती.

मॉडेल करणाऱ्याला या इतिहासातल्या मधल्या रिकाम्या वर्षांचं महत्त्व फार आहे. जहाजाचा मूळ आराखडा १९४२-४३ चा, म्हणजे सरळ डेकचा. ती बांधून पडलेली असताना ब्रिटिशांनी विमानवाहू जहाजांत तीन मोठे बदल शोधून काढले : तिरका डेक, वाफेवर चालणारं कॅटापुल्ट आणि उतरण्यासाठीचा आरसा. बेलफास्टला हे तिन्ही ‘विक्रांत’वर बसवले गेले. म्हणून पाण्याखालचा भाग एका काळातला आणि पाण्यावरचा दुसऱ्या काळातला, असं हे जहाज आहे. खालच्या भागाचे नकाशे पाहायचे तर तिच्या सख्ख्या बहिणींचे चालतात. ऑस्ट्रेलियाची ‘मेलबर्न’ आणि कॅनडाची ‘बोनाव्हेंचर’ याच मॅजेस्टिक वर्गातल्या. पण वरचा भाग मात्र प्रत्येकीचा वेगळा. ‘मेलबर्न’चं मॉडेल करून त्यावर तिरंगा लावला की ‘विक्रांत’ झाली, असं मानणारे आहेत आणि त्यांची मॉडेलं प्रदर्शनांतही दिसतात. हा आळस आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मग दुसरा प्रश्न येतो : कोणती ‘विक्रांत’? जहाज पस्तीस-छत्तीस वर्षं नौदलात होतं आणि तेवढ्या काळात ते सतत बदलत होतं. १९६१ ची ‘विक्रांत’ सी हॉक आणि आलिझे विमानांची. १९७१ च्या डिसेंबरातली ‘विक्रांत’ तीच, पण युद्धावर निघालेली, चारपैकी एक बॉयलर निकामी असलेली. १९७९ ते १९८२ च्या मोठ्या दुरुस्तीत तिच्यावर नवी रडार आली आणि १९८३ च्या अखेरीस पहिलं सी हॅरिअर तिच्या डेकवर उतरलं. १९८७ ते १९८९ मध्ये पुढच्या टोकाला पावणेदहा अंशांचा स्की-जंप उभा राहिला, कॅटापुल्ट निघालं आणि त्याबरोबर आलिझेचं डेकवरून उडणं संपलं. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. त्यानंतर २००१ पासून २०१२ पर्यंत मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून जी ‘विक्रांत’ हजारो शाळकरी मुलांनी पाहिली, ती स्की-जंपवाली.

इथेच बहुतेकांची गफलत होते. आपल्याकडचे बरेचसे जवळून घेतलेले रंगीत फोटो संग्रहालयाच्या काळातले आहेत, आणि ज्या युद्धासाठी हे जहाज ओळखलं जातं ते १९७१ चं. संग्रहालयाचे फोटो बघून बेट, म्हणजे उजव्या बाजूचा तो उंच मनोरा, तयार केला आणि डेकवर सी हॉक मांडली, तर कधीच अस्तित्वात नसलेलं जहाज तयार होतं. म्हणून माझा नियम साधा आहे. मॉडेल सुरू करण्याआधी एक महिना ठरवावा. नुसतं वर्ष ठरवून पुरत नाही. या पुस्तकातलं मॉडेल डिसेंबर १९७१ चं आहे.

त्या महिन्याची हकिगत थोडक्यात सांगायला हवी, कारण डेकवर काय मांडायचं ते तिच्यावरून ठरतं. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी ‘विक्रांत’च्या शोधात बंगालच्या उपसागरात आली होती. जुनी विनाशिका ‘राजपूत’ विशाखापट्टणमजवळून ‘विक्रांत’ असल्याचं भासवत होती आणि खरी ‘विक्रांत’ अंदमानच्या एका आडबाजूच्या बंदरात होती. ३-४ डिसेंबरच्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. ४ तारखेला कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या ‘विक्रांत’वरून सी हॉक विमानं कॉक्स बझारवर गेली, मग चितगाववर. आलिझे रात्री उडत. बॉयलर बंद असल्याने जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता आणि डेकवर वारा कमी पडला तर विमान उडवणं अवघड होत होतं. त्या अवघडलेपणातही पूर्व पाकिस्तानची बंदरं बंद पाडली गेली. सी हॉक पुढे, कॅटापुल्टच्या रांगेत, पंखांखाली शस्त्रं लावलेली. आलिझे मागे, पंख दुमडलेली. आणि पाण्यात पडलेल्या वैमानिकाला उचलण्यासाठी एक अल्वेट हेलिकॉप्टर. मॉडेलवरची मांडणी ही अशी.

आता प्रमाणाविषयी. बाजारात मिळणारी किट बहुतेक १:७०० किंवा १:३५० ची, अलीकडे १:२०० चीही, आणि ती मुख्यतः ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन, जपानी जहाजांची. ब्रिटिश परंपरा फुटाची. तिथले मॉडेलकार एका फुटाला एक अष्टमांश इंच, म्हणजे १:९६, किंवा त्याच्या निम्मं, म्हणजे १:१९२, घेत आले. नॉर्मन ऑफ हा गेल्या शतकातला इंग्लंडमधला युद्धनौकांचा मोठा मॉडेलकार. त्याने काढलेले नकाशे आजही लोक वापरतात. मी १:१०० निवडलं, कारण प्रत्यक्षातला मीटर इथे सेंटीमीटर होतो आणि हातात कात्री असतानाही हिशेब डोक्यात करता येतो. जहाज २ मीटर १३ सेंटीमीटरचं. डेकची जास्तीत जास्त रुंदी ३९ सेंटीमीटर. सी हॉक बारा सेंटीमीटर लांब. आलिझेचा पंखविस्तार साडेपंधरा सेंटीमीटर. माणूस सतरा मिलीमीटर उंच.

लांबीला शंभराने भागलं म्हणून बाकीच्या गोष्टी शंभराने भागल्या जात नाहीत. हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. वजन लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींबरोबर घटतं. पूर्ण भरलेली ‘विक्रांत’ सुमारे १९,५०० टनांची, तिचं १:१०० मॉडेल पाण्यात बरोबर जलरेषेवर तरंगायचं असेल तर ते साडेएकोणीस किलोच भरलं पाहिजे. जास्त झालं तर जलरेषेखाली दबेल, कमी झालं तर बुचासारखं वर येऊन हेलपाटेल. वेगाचं गणित आणखी वेगळं. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्कीला लांब हौद बांधून त्यात मॉडेलं ओढली आणि दाखवून दिलं की लाटा सारख्या दिसायच्या तर वेग लांबीच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो. शंभराचं वर्गमूळ दहा. ‘विक्रांत’चा कमाल वेग २५ नॉट, तर मॉडेलचा अडीच नॉट, म्हणजे माणसाच्या चालण्याएवढा. तळ्यावर स्पीडबोटीसारखं उधळणारं विमानवाहू जहाज कितीही सुंदर बांधलेलं असो, ते चालायला लागलं की खोटं दिसतं.

आणि बारकावे. प्रत्यक्षात २५ मिलीमीटर जाडीचा कठड्याचा गज १:१०० मध्ये पाव मिलीमीटरचा होतो. तेवढी पितळी तार मिळते आणि वाकवताही येते. हाच गज १:३५० मध्ये केसाएवढा बारीक होतो, म्हणून तिथे सगळेच थोडी लबाडी करतात आणि ती डोळ्याला कळत नाही. १:१०० मध्ये ती सवलत नाही. मोठं मॉडेल करणं सोपं, कारण भाग मोठे असतात, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. मोठ्या मॉडेलमध्ये लपवायला जागा राहत नाही.

डेकचंच उदाहरण घ्या. खऱ्या डेकवर पाय आणि चाकं घसरू नयेत म्हणून खरखरीत रंग असतो. नवखा मॉडेलकार हौसेने सँडपेपर चिकटवतो. त्या सँडपेपरवरचा पाव मिलीमीटरचा कण म्हणजे खऱ्या जहाजावर अडीच सेंटीमीटरची खडी. खडी पसरलेल्या डेकवर कोणतंही जेट उतरणार नाही. इथे बरोबर उत्तर म्हणजे पूर्ण मॅट रंगाचे दोन पातळ हात आणि त्यावर राखाडीच्याच दोन-तीन छटांचे अगदी फिके डाग : टायर घासलेले, तेल सांडलेलं, पुन्हा रंगवलेलं. उतरताना विमानाचा हूक डेकवरच्या तारा पकडतो त्या जागी चाकांचे काळपट पट्टे. खरबरीतपणा बोटाला लागायला नको, नजरेला भासला पाहिजे.

कठड्याचं काम या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं घेतं. सागवानाच्या सरळ पट्टीवर दहा मिलीमीटर उंचीचा, आडव्या तारांसाठी समांतर खाचा असलेला साचा करायचा. उभ्या तारा ठरलेल्या अंतरावर बसवायच्या, आडव्या तारा खाचांतून ताणून दोन्ही टोकांना टाचणीने अडकवायच्या. प्रत्येक सांध्यावर फ्लक्सचा थेंब, सुईच्या टोकाएवढं सोल्डर, आणि सोल्डरिंगचं टोक क्षणभरच टेकवायचं. जास्त वेळ टेकवलं की शेजारचा सांधा सुटतो. मग सगळी पट्टी कोमट पाण्यात साबणाने धुवायची, कारण राहिलेला फ्लक्स वर्ष-दोन वर्षांनी पितळेवर हिरवा उगवतो आणि वरचा रंग सोलून टाकतो. चिकटवण्यासाठी सुपरग्लू वापरणारे खूप आहेत. काम पटकन होतं हे खरं, पण मुंबईच्या दोन-चार पावसाळ्यांनंतर तो सांधा ठिसूळ होतो. जिथे धातूला धातू लागतो तिथे सोल्डर करावं, असं मी आग्रहाने सांगेन.

हल, म्हणजे जहाजाचं धड, याबद्दल इथे फार लिहीत नाही, ते तिसऱ्या प्रकरणात आहे. या वर्गाची जहाजं युद्धकाळात लवकर व्हावीत म्हणून बरीचशी व्यापारी जहाजांच्या नियमांप्रमाणे बांधली गेली, त्यामुळे हलचे आकार साधे आणि स्वच्छ आहेत. मरीन प्लायच्या आडव्या चौकटी, त्यावर लाकडी पट्ट्या, वर फायबरग्लासचं एक अस्तर, हा मार्ग पुरेसा आहे. एकच गोष्ट विसरू नये. पोलादी जहाजाच्या बाजू काचेसारख्या सपाट नसतात. समुद्राच्या माऱ्याने प्लेटा चौकटींच्या मधे किंचित आत दबतात आणि तिरप्या उन्हात हलवर हलक्या सावल्यांची जाळी दिसते. १९७१ मधलं जहाज पाण्यात उतरून सव्वीस वर्षं झाली होती, त्याच्यावर ही जाळी दिसणारच.

माहिती कुठून आणायची? ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे नकाशे प्रचंड संख्येने जपलेले आहेत. त्यांत ‘जसं बसवलं तसं’ दाखवणारे, जहाज पुरं झाल्यावर काढलेले नकाशे सगळ्यात मोलाचे, कारण बांधताना ठरवलेलं आणि प्रत्यक्ष बसवलेलं यांत नेहमी फरक पडतो. विमानांसाठी इतकं लांब जायला नको. गोव्यात दाभोळी विमानतळाजवळ नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, तिथे खरं सी हॉक आणि खरं आलिझे उघड्यावर उभं आहे. पंखांचे सांधे, चाकांच्या कप्प्यांची दारं, शेपटीखालचा हूक हे सगळं डोळ्यांनी बघता येतं. मॉडेलवर विमान चढवण्याआधी तिथे एक पूर्ण दिवस घालवावाच.

उरतात फोटो, आणि तेच खरे साक्षीदार. फोटो तपासायला शिकणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. आधी बघावं, बेट जहाजाच्या उजव्या हाताला आहे ना? डावीकडे दिसलं तर निगेटिव्ह उलटी छापलेली आहे. जुन्या मासिकांत असं बरेचदा झालेलं आढळतं. मग टोकाकडे बघावं : स्की-जंप आहे की सपाट? मग डोलकाठीवरची रडार, मग डेकवरची विमानं. फोटोखाली छापलेल्या ओळीवर शेवटी विश्वास ठेवावा. अनेकदा तिथे वर्ष चुकलेलं असतं, क्वचित जहाजच दुसरं असतं. दोन स्वतंत्र फोटोंत दिसली तरच ती वस्तू मॉडेलवर घ्यावी, आणि एकाच फोटोत दिसली तर तशी नोंद वहीत करावी. ज्या भागाला काहीच आधार नाही, तो साधा ठेवावा. कल्पनेने नळ्या आणि पेट्या भरल्या की मॉडेल श्रीमंत दिसतं, पण पुढच्या पिढीतला कोणी त्यावर विसंबला तर आपली कल्पना इतिहास होऊन बसते. हँगरच्या आतलं सगळं करावं का, असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर असं की एक लिफ्ट खाली उतरवलेली दाखवावी आणि तिच्यातून जेवढं दिसतं तेवढंच करावं.

मॉडेल टिकवण्याबद्दलही आधीच बोललं पाहिजे, कारण टिकाऊपणा शेवटी चढवता येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि मार्चमध्ये आक्रसतं, म्हणून लाकडाचं तोंड आतूनही बंद करायचं असतं. दुसरा शत्रू कमी लोकांना माहीत आहे. शिशाचे ओतलेले छोटे भाग लाकडी पेटीत बंद केले की लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशाची पांढरी भुकटी होत जाते. जगभरच्या संग्रहालयांतली जुनी मॉडेलं या रोगाने गेली आहेत. शिसं टाळावं, आणि पेटीला हवा खेळायला जागा ठेवावी.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर मुंबईच्याच गोदीत आहे. १८१७ मध्ये जमशेटजी बमनजी वाडिया यांनी इथे मलबारी सागाची ‘त्रिंकोमाली’ बांधली. तिचे इंग्लंडहून निघालेले नकाशे ‘जावा’ जहाजाबरोबर समुद्रात गेले, दुसरी प्रत मागवावी लागली, तरी जहाज झालं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे, दुरुस्त केलेलं, लोकांना बघायला खुलं. मुंबईने बांधलेलं जहाज परक्या देशाने दोनशे वर्षं राखलं आणि मुंबईच्या पाण्यात आयुष्याची अखेर घालवलेली ‘विक्रांत’ आपण राखू शकलो नाही. पैसे नव्हते, जागा नव्हती, हल कुजलं होतं, ही कारणं खोटी नव्हती. पण जपानमधल्या कुरे शहराकडे बघा. १९४५ मध्ये बुडालेली ‘यामातो’ युद्धनौका तिथेच बांधली गेली होती. शरणागतीच्या वेळी तिची बहुतेक कागदपत्रं नष्ट केली गेली. तरीही उरलेले नकाशे, फोटो आणि समुद्रतळावरचं चित्रण जुळवून त्या शहराने तिचं एक दशांश मॉडेल उभं केलं, २६.३ मीटर लांबीचं, आणि २००५ मध्ये त्याभोवती संग्रहालय उघडलं. एवढं मोठं मॉडेल मुंबईत ‘विक्रांत’चं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ते होईपर्यंत घराघरांत, शाळांत, अभियांत्रिकी महाविद्यालयांत शंभराव्या हिश्शाची तरी व्हावीत.

त्यासाठी वाचकांकडे एक मागणं आहे. ‘विक्रांत’वर नोकरी केलेली माणसं कोकणात, पुण्यात, मुंबईच्या चाळींत, गोव्यात विखुरलेली आहेत, आणि त्यांच्या कपाटांत अल्बम आहेत. आजोबांचा डेकवर उभा असलेला फोटो असेल तर त्यांच्यामागे दिसणारी शिडी, तोफ, दार आम्हा मॉडेलकारांना हवं आहे. फोटोची कडा कापू नका. जास्त रिझोल्यूशनमध्ये स्कॅन करा, मागे लिहिलेला मजकूरही स्कॅन करा, आणि आजोबा हयात असतील तर वर्ष आणि जागा त्यांना विचारून आजच लिहून ठेवा. मूळ फोटो घरीच राहू द्या, प्रत मात्र मुंबईच्या मेरिटाइम हिस्ट्री सोसायटीकडे किंवा गोव्याच्या नौदल हवाई संग्रहालयाकडे पाठवा.